पिवळ्या माणसाचा प्रवास : चित्रकार ली वेन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून सभागृहातील काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या उमटल्याचे आम्हाला येथूनही दिसत आहे. त्यात वावगे काही नाही. आपल्या व्यासपीठावरून आजवर धम्म, संविधान, शिक्षण आणि चळवळीचा इतिहास यांवर व्याख्याने झाली. चित्रकाराविषयी, त्यातही आपल्या समाजाशी जन्माने कोणताही संबंध नसलेल्या एका चिनी वंशाच्या सिंगापुरी चित्रकाराविषयी कोणी बोलल्याचे आम्हाला स्मरत नाही. ली वेन हे त्यांचे नाव. १९५७ साली ते याच शहरात जन्मले आणि ३ मार्च २०१९ रोजी, एकसष्ट वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे येथे आली तेव्हा ते येथेच राहत होते, येथेच काम करीत होते. तरीही त्यांचे नाव आपल्या घरांत पोहोचले नाही. परक्या देशी पोट भरण्यास आलेला माणूस प्रथम नोकरी, घर आणि मुलांची शाळा पाहतो, हे त्याचे साधे कारण होय.

मग आज त्यांच्याविषयी का बोलायचे? या गृहस्थाने आयुष्याची अनेक वर्षे एकाच प्रश्नाच्या पाठीमागे घालविली. जन्माबरोबर माणसाच्या अंगाला जो रंग चिकटविला जातो तो त्याचा स्वतःचा असतो की पाहणाऱ्याचा, हा तो प्रश्न. हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांच्याही ओळखीचा होता. त्यांनी तो वेगळ्या शब्दांत विचारला, एवढेच.

प्रथम त्यांच्या आयुष्याची माहिती थोडक्यात सांगतो. ली वेन हे पाच भावंडांतील सर्वांत धाकटे. वडील चिनी भाषेतील लेखक होते. मुलाचे शिक्षण मात्र इंग्रजीतून, रॅफल्स इन्स्टिट्यूशनसारख्या नामांकित शाळेत झाले. शिक्षण आटोपल्यावर त्यांनी अनेक वर्षे नोकऱ्या केल्या. त्यांत बँकेतील नोकरी होती, संगणक चालविण्याचे कामही होते. म्हणजे पाहा, आपण आपल्या मुलांसाठी जी नोकरी मनात धरतो, नेमकी तीच त्यांच्या हाती होती. चित्रे काढण्याचा नाद फावल्या वेळेपुरता होता. १९८१ साली त्यांचे 'अ वेकिंग ड्रीम' हे चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेही नोकरी सांभाळूनच. १९८८ साली, वयाच्या तिशीत, त्यांनी नोकरी सोडली आणि लसाल या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून नाव घातले. ही संस्था तेव्हा लहान होती. ब्रदर जोसेफ मॅक्नॅली या आयरिश शिक्षकाने ती १९८४ साली सुरू केली होती. कलेची पदवी घेऊन पोट भरता येते, असे त्या काळच्या सिंगापुरात कोणी म्हणत नसे. आज तीच संस्था येथील कला विद्यापीठाचा भाग झाली असून त्या विद्यापीठाने २०२४ पासून विद्यार्थी घेण्यास प्रारंभ केला आहे. पालकांनी ही बाब ध्यानात घ्यावी. तिशीतल्या माणसाने जी उडी अंधारात घेतली, तिच्या जागी आता जिना बांधला गेला आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १९८८ साली, तांग दा वू या ज्येष्ठ कलावंताने शहराच्या उत्तरेस सेंबावांग भागात, लोरोंग गांबास येथील एका जुन्या कोंबड्यांच्या वाडीत 'द आर्टिस्ट्स व्हिलेज' ही वसाहत उभी केली. कोणी झाडाखाली रंगवीत असे, कोणी मातीत खणीत असे, कोणी स्वतःच्या शरीराचाच कलेसाठी उपयोग करीत असे. ली वेन तेथे रमले. १९९० साली ती जागा विकासासाठी सरकारजमा झाली आणि वसाहत विखुरली. गाव उठले की गावकरी विखुरतात, हा अनुभव धरणांच्या आणि खाणींच्या मुलखातून आलेल्या आपल्या मंडळींना नवा नाही. ही मंडळी मात्र जागा गेल्यावरही एकत्र काम करीत राहिली.

याच सुमारास ली वेन लंडनला गेले आणि सिटी ऑफ लंडन पॉलिटेक्निकमध्ये शिकू लागले. तेथे त्यांना एक चमत्कारिक अनुभव आला. ते सिंगापूरचे, इंग्रजीत शिकलेले, चीनमध्ये कधी न राहिलेले. पण लंडनमधील लोक त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना चीनहून आलेला माणूस समजत. समोरच्या माणसाने त्यांच्याविषयीचा निर्णय त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच घेतलेला असे. आपण काय करतो अशा वेळी? आपण समजावून सांगतो. मी अमुक देशाचा, अमुक शिकलेला. समजावता समजावता आपली दमछाक होते आणि पुढच्या वळणावर तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. ली वेन यांनी समजावून सांगणे सोडून दिले. तुम्ही मला पिवळ्या वंशाचा म्हणता ना? मग घ्या, पिवळाच होतो, अशा रीतीने त्यांनी अंतर्वस्त्राखेरीज सर्व कपडे उतरविले, डोक्यापासून पायांपर्यंत हळदीहूनही भडक असा पिवळा रंग फासला आणि ते लोकांसमोर उभे राहिले. १९९२ साली लंडनमध्ये 'जर्नी ऑफ अ यलो मॅन', अर्थात पिवळ्या माणसाचा प्रवास, या मालिकेचा पहिला प्रयोग झाला. पुढे अनेक वर्षे, अनेक देशांत, क्रमांक घालून ते हे प्रयोग करीत राहिले.

या प्रकाराला परफॉर्मन्स आर्ट म्हणतात. मराठीत सादरीकरण-कला म्हणता येईल, पण तेवढ्याने अर्थ पुरता उलगडत नाही. येथे नाटकासारखी भूमिका नसते आणि चित्रासारखी विकत घेण्याजोगी वस्तूही उरत नाही. कलावंताचे शरीर हाच कॅनव्हास. प्रयोग संपला की त्याने आंघोळ करावी आणि घरी जावे. ली वेन यांच्या बाबतीत या आंघोळीला फार अर्थ आहे, असे आम्हाला वाटते. फासलेला रंग पाण्याने निघतो. लोकांच्या नजरेतला रंग निघत नाही. प्रेक्षक घरी जाताना हा फरक बरोबर घेऊन जातो.

आता ज्या गोष्टीमुळे आमचे लक्ष प्रथम त्यांच्याकडे वेधले गेले, ती सांगतो. या मालिकेचा दुसरा प्रयोग त्याच वर्षी, १९९२ साली, भारतात झाला आणि तोही दिल्ली-मुंबईच्या एखाद्या वातानुकूलित दालनात झाला नाही. तो झाला गुलबर्ग्यास! सोलापूरकर मंडळींना गुलबर्गा काय आहे हे सांगण्याची आवश्यकता नाही. मुंबईहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीत सोलापूर सोडले की पुढचे मोठे स्थानक तेच. २०१४ पासून त्याचे नाव कलबुर्गी झाले आहे. तेथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय शिल्पकला शिबिरात ली वेन यांनी 'अग्नी आणि सूर्य' या उपशीर्षकाने पिवळा माणूस उभा केला. याच जिल्ह्यात, भीमा नदीच्या काठी, सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत आणि १९९० च्या दशकात तेथे झालेल्या उत्खननात सम्राट अशोकाची नाव कोरलेली शिल्पाकृती मिळाली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच. नाव कोरले होते म्हणून शेकडो वर्षांनी ओळख पटली. नावाचे आणि प्रतिमेचे नाते असे असते.

पण आम्हाला बोलायचे आहे ते पिवळ्या रंगाविषयी. लंडनमध्ये तो रंग वंशाचा आहे. गुलबर्गा-सोलापूर-जेजुरीच्या पट्ट्यात तो रंग आणखी पुष्कळ काही आहे. तो नवरदेवाच्या अंगाला लागलेली हळद आहे, तो खंडोबाचा भंडारा आहे. आणि सभागृहातील वयस्कर मंडळींच्या मनात या क्षणी जे चित्र उभे राहिले असेल तेही आम्ही जाणतो. अंगभर हळदकुंकवाचे पट्टे ओढलेला, कमरेला चिंध्या गुंडाळलेला, स्वतःच्या पाठीवर आसूड ओढणारा मरीआईचा पोतराज! बाबासाहेबांच्या हाकेनंतर आपल्या पूर्वजांनी ज्या गोष्टी टाकून दिल्या त्यांत हे पोतराजपण होते, केस कापून घेणे होते, तो आसूड नदीत फेकणे होते. तेव्हा एखाद्या आजोबांनी उठून विचारावे की, अहो, ज्या रंगातून आम्ही बाहेर पडलो तोच फासून उघड्या अंगाने फिरणाऱ्या माणसाचे कौतुक तुम्ही आम्हाला सांगता काय, तर तो प्रश्न रास्त ठरेल.

आमचे उत्तर असे आहे. पोतराजाच्या अंगावरचा रंग त्याला जन्माने मिळे. नवस कोणीतरी बोले, पोर कोणीतरी सोडी, आणि त्या पोराला नाही म्हणण्याची सोय नसे. पाहणारे त्याला भीत, त्याला भीक घालीत आणि त्याला दूर ठेवीत. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडत. ली वेन यांनी रंग फासला तो स्वतःच्या इच्छेने आणि पाहणाऱ्याला अवघडल्यासारखे वाटावे याच हेतूने. पहिल्यात समाज माणसाला रंगवितो. दुसऱ्यात माणूस समाजाला त्याचे ते रंगविणे दाखवून देतो. बाहेरून दोघे सारखे दिसतील. आतून त्यांच्यामध्ये तितकेच अंतर आहे जितके गावकीची कामे करणाऱ्या आपल्या पणजोबांत आणि ती कामे नाकारणाऱ्या आजोबांत होते. १९७२ साली मुंबईत तरुणांनी 'दलित' हा शब्द छातीवर लावून पँथर उभी केली, तेव्हाही अनेक सुशिक्षितांनी नाके मुरडली होती. चिकटविलेले नाव झटकून टाकणे हा एक मार्ग. तेच नाव अंगभर फासून चौकात उभे राहणे हा दुसरा. आपल्या समाजाने दोन्ही मार्ग चोखाळले आहेत आणि त्यांतला कोणता बरा यावर आपल्या घराघरांत आजही वाद होतात.

येथे नागपूरच्या एका चित्रकाराचा उल्लेख केल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. सवी सावरकर (आडनावावरून कोणाचा गैरसमज होऊ नये) यांचा जन्म १९६१ चा, शिक्षण नागपूर आणि बडोद्याचे, आणि दिल्लीच्या कला महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. गळ्यात मडके आणि पाठीमागे झाडू बांधलेला अस्पृश्य माणूस त्यांनी आपल्या मुद्राचित्रांत पुन्हा पुन्हा आणला. देवदासीही आणली. त्यांच्या चित्रांसह या विषयाचा विचार करणारा 'दलित आर्ट अँड व्हिज्युअल इमेजरी' हा ग्रंथ गॅरी मायकेल टार्टाकोव्ह यांच्या संपादनाखाली २०१२ साली प्रसिद्ध झाला. ती चित्रे दिवाणखान्यात लावण्याजोगी नाहीत, असे काही जण म्हणतात. खरेच आहे. ती दिवाणखान्यासाठी काढलेलीच नाहीत. ली वेन आणि सवी सावरकर यांच्या वयांत चारच वर्षांचे अंतर. एकाने लाज कागदावर उमटविली, दुसऱ्याने आपल्या कातडीवर. दोघांनीही ती पाहणाऱ्याच्या पदरात परत टाकली.

आता सिंगापूरकडे येऊ. ली वेन परतले आणि १९९३ साली पिवळा माणूस आर्मेनियन स्ट्रीटवरील सबस्टेशनमध्ये अवतरला. नाटककार कुओ पाओ कुन यांनी १९९० साली एका जुन्या विद्युत उपकेंद्रात ही कलासंस्था सुरू केली होती. लंडनमध्ये ली वेन अल्पसंख्य होते. येथे चिनी वंशाचे लोक सुमारे तीन चतुर्थांश, म्हणजे ते बहुसंख्यांपैकी एक. तोच पिवळा रंग येथे वेगळा प्रश्न विचारू लागला. तुम्ही सारे 'चायनीज' या एका शब्दात खरोखर मावता का?

हा शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. चायनीज, मलय, इंडियन आणि अदर्स या चार कप्प्यांत येथील समाज सरकारदरबारी मांडला गेला आहे. नागरिक आणि कायम रहिवासी यांच्या ओळखपत्रावर वंश लिहिलेला असतो. २०११ पासून आई आणि वडील यांचे दोन्ही वंश जोडून लिहिण्याची मुभा मिळाली. १९८९ पासून सरकारी इमारतींतील घरांच्या खरेदी-विक्रीवर वंशनिहाय मर्यादा आहे. आपल्यापैकी ज्यांनी जुना फ्लॅट घेतला किंवा विकला त्यांना आपला कोटा भरला असल्याचे उत्तर कधी ना कधी ऐकावे लागले असेल. न्यायाने बोलायचे तर या व्यवस्थेमागे १९६४ च्या वांशिक दंगलींची आठवण आहे. एका वंशाची वेगळी वस्ती होऊ नये हा तिचा हेतू. गावाबाहेरच्या वस्तीची आठवण घेऊन आलेल्या आपल्यासारख्यांनी त्या हेतूला नावे ठेवू नयेत, असे आमचे प्रामाणिक मत आहे. परंतु कप्पा तो कप्पाच. आपली मुले शाळेत मातृभाषा म्हणून तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेऊ शकतात. त्या यादीत मराठी नाही. मग ज्या घरात आजी मराठीतून ओव्या म्हणते त्या घरातले मूल 'मातृभाषा' या विषयात हिंदीचे गुण घेऊन येते आणि आपण पेढे वाटतो!

आणि त्याहून नाजूक बाब. इंडियन या कप्प्यात जातीचा रकाना नाही. विमानतळावर उतरल्यावर आपल्यापैकी अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला तो यासाठीच. पण त्याच कप्प्यातील देशबांधव ओळख झाल्यावर दुसऱ्या वाक्यात आडनाव विचारतात, आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव विचारतात, आणि गावानेही भागले नाही तर घरात कोणते सण करता ते विचारतात. कार्डावरचा रंग एक, नजरेतला रंग दुसरा. ली वेन यांचे काम आम्हाला परके वाटले नाही ते या अनुभवामुळे. १९९७ साली त्यांनी याच सबस्टेशनमध्ये केलेल्या अकराव्या प्रयोगाचे उपशीर्षक 'बहुसंस्कृतिवाद' असे होते. आणि २००१ साली ते पिवळ्या माणसाला घेऊन थेट चीनमध्ये गेले. लंडनने ज्या देशाचा म्हणून त्यांना ओळखले होते, त्या देशात ते परदेशी पाहुणे होते.

आता त्यांच्या आयुष्यातील कठीण काळाविषयी. १९९३ च्या डिसेंबरअखेर पार्कवे परेड या बाजारसंकुलात कलावंतांचा एक मेळावा भरला होता. जोसेफ एन्ग या तरुण कलावंताने तेथे एक प्रयोग केला. समलिंगी संबंधांच्या आरोपावरून अटक झालेल्या पुरुषांना दिलेल्या फटक्यांच्या शिक्षेविषयीचा तो निषेध होता. प्रयोगाच्या शेवटी त्याने प्रेक्षकांकडे पाठ करून आपल्या गुप्तांगावरील केस कापले. त्यानंतर वृत्तपत्रांत गदारोळ उठला. एन्ग यांच्यावर खटला होऊन दंड झाला आणि १९९४ पासून परफॉर्मन्स आर्टला सरकारी अर्थसाहाय्य बंद करण्यात आले. ही बंदी २००३ पर्यंत टिकली. त्या प्रयोगाविषयी या सभागृहात दोन मते असतील, किंबहुना चार असतील. पण एका माणसाच्या एका कृतीसाठी अख्ख्या कलाप्रकाराची रसद तोडली गेली, ही वस्तुस्थिती आहे. एकाच्या वागण्यावरून साऱ्या जमातीला जबाबदार धरण्याची रीत कोणाला कशी जाचते, हे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही.

ली वेन यांचे वय तेव्हा सदतीस होते. बँकेतली नोकरी सुटलेली, ज्या कलेसाठी ती सोडली तिलाच स्वदेशात थारा नाही. त्यांचे गुरुस्थानी असलेले तांग दा वू १९९५ साली 'कलेला पैसे देऊ नका' अशी सोनेरी अक्षरे पाठीवर लिहिलेले काळे जाकीट घालून एका प्रदर्शनात राष्ट्राध्यक्षांसमोर गेले. तो उपरोध सर्वांना कळला. ली वेन यांनी दुसरी वाट धरली. ते परदेशांत प्रयोग करीत राहिले. १९९४ साली जपानमधील फुकुओका, १९९९ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे आशिया-पॅसिफिक कलाप्रदर्शन. देशात ज्याला एका प्रयोगासाठी अनुदान मिळत नव्हते त्याला परदेशची संग्रहालये बोलावीत होती. आपल्याकडील कितीतरी शाहिरांना आणि कवींनाही घरच्या आधी बाहेरच्यांनी ओळखले, नाही का?

याच काळात त्यांनी शरीराखेरीज इतर माध्यमेही हाताळली. त्यांतली दोन कामे मुलांनाही आवडतील अशी आहेत. 'पिंगपाँग गो राउंड' हे १९९८ चे. टेबल टेनिसचे टेबल त्यांनी गोल कड्याच्या आकाराचे केले, मध्यभागी मोकळी जागा ठेवली. दोन बाजू, दोन खेळाडू, एक हरणार आणि एक जिंकणार हा नियमच मोडला. आत उभे राहा, बाहेर उभे राहा, चेंडू कोणाकडूनही येईल आणि कोणाकडेही जाईल. आपल्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेसाठी असे एक टेबल करून घ्यावे, असे आम्हाला अनेकदा वाटले आहे. दुसरे काम 'वर्ल्ड क्लास सोसायटी', १९९९ चे मांडणशिल्प. लांबलचक नळीतून प्रेक्षकाने डोकवायचे. पलीकडे दूरदर्शनच्या पडद्यावर ली वेन दिसतात आणि अमुक वर्ल्ड क्लास, तमुक वर्ल्ड क्लास असे बोलत राहतात. जागतिक दर्जाचा हा शब्द तेव्हा येथील भाषणांतून आणि वृत्तपत्रांतून सतत कानांवर येई. आपणही भारतातल्या नातलगांना फोनवर याच शब्दाने सिंगापूरचे वर्णन करीत होतो. पण जागतिक दर्जाकडे पाहण्यासाठी नळीला डोळा लावला की आजूबाजूचे दिसेनासे होते.

२००३ साली त्यांनी 'स्ट्रेंज फ्रूट' ही छायाचित्रांची मालिका केली. हे शीर्षक ज्या जुन्या अमेरिकन गीताचे आहे, ते बिली हॉलिडे या कृष्णवर्णीय गायिकेने १९३९ साली गाऊन जगभर पोहोचविले. जमावाने ठार करून झाडांना टांगलेल्या कृष्णवर्णीयांविषयीचे ते गीत. ली वेन यांच्या छायाचित्रांत पिवळ्या पायांचा एक माणूस चालताना दिसतो. त्याचे डोके आणि धड लाल चिनी कंदिलांच्या घोसात पूर्ण बुडून गेले आहेत. चेहरा दिसतच नाही. सणाच्या दिवसांत चायनाटाउनमध्ये जे कंदील पाहून आपण फोटो काढतो, तेच येथे माणसाला गिळून बसले आहेत. संस्कृतीचा अभिमान किती अंगावर घ्यावा याला काही माप असावे की नाही? आमच्या मते हे त्यांचे सर्वोत्तम काम होय. पिवळ्या माणसाच्या आधीच्या प्रयोगांत कधी कधी अर्थ फार मोठ्याने सांगितल्यासारखा वाटतो. येथे एका नजरेत सारे पोहोचते आणि नंतर बराच वेळ मनातून जात नाही.

त्याच वर्षी बंदी उठली. ली वेन यांनी रुसून बसण्याऐवजी सहकाऱ्यांसह लगेच 'फ्युचर ऑफ इमॅजिनेशन' हा परफॉर्मन्स आर्टचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सिंगापुरात सुरू केला. आणि दोनच वर्षांनी, २००५ साली, सरकारने त्यांना कल्चरल मेडॅलियन हा कलाक्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान दिला. ज्या कलाप्रकाराला दहा वर्षे दाराबाहेर ठेवले त्याच्याच कलावंताच्या गळ्यात पदक! यात सरकारचा मोठेपणा पाहायचा की विसंगती, ते श्रोत्यांनी ठरवावे. आम्हाला दोन्ही दिसतात.

पुढे त्यांना कंपवाताने गाठले. ज्याचे शरीर हेच साधन त्या माणसाचे हात थरथरू लागले, पावले जड झाली. त्यांनी काम थांबविले नाही. ते कंपवातासह लोकांसमोर उभे राहत. २०१२ साली सिंगापूर आर्ट म्युझियमने 'ल्युसिड ड्रीम्स इन द रेव्हरी ऑफ द रिअल' या नावाने त्यांच्या कामाचे मोठे सिंहावलोकन भरविले.

याच वर्षी त्यांनी आणखी एक काम हाती घेतले आणि आपल्या मंडळाच्या दृष्टीने तेच आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. अलिवाल स्ट्रीटवर त्यांनी 'इंडिपेंडंट आर्काइव्ह' हे संग्रहकेंद्र उघडले. त्यामागचा विचार सरळ होता. सादरीकरण संपले की काही उरत नाही. कोणी टिपलेली चित्रफीत, हस्तपत्रके, निमंत्रणे, भांडणाची पत्रे, वृत्तपत्रांची कात्रणे, एवढेच काय ते मागे राहते. ते जपले नाही तर पुढच्या पिढीला केवळ १९९४ च्या वृत्तपत्रांतला गदारोळ वाचायला मिळेल आणि कलावंतांची बाजू कायमची हरवेल. म्हणून त्यांनी स्वतःचे आणि इतरांचेही कागद, फिती, छायाचित्रे वर्षानुवर्षे गोळा केली. हाँगकाँगची एशिया आर्ट आर्काइव्ह ही संस्था आणि येथील नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठाचे समकालीन कला केंद्र यांनी त्यांच्या संग्रहाचे संगणकीकरण केले आहे आणि अभ्यासकांना तो पाहता येतो.

हे वाचले तेव्हा आम्हाला आपल्या जलशांची आठवण झाली. भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी गावोगाव रात्री जागविल्या. त्यांतले किती सवाल-जवाब, किती चाली, किती कलावंतांची नावे आज आपल्याजवळ आहेत? आणि जलसे दूरच राहिले, या देशात आपण साजऱ्या केलेल्या पहिल्या जयंत्यांची छायाचित्रे कोणाकडे आहेत? कोणाच्या तरी पलंगाखालच्या पेटीत, फ्लॅट बदलताना फेकायच्या सामानात.

तेव्हा व्याख्यान संपविताना कार्यकारिणीच्या संमतीने एक विनंती करतो. ज्या कुटुंबांकडे मंडळाच्या जुन्या स्मरणिका, जयंतीची निमंत्रणे, सभेच्या इतिवृत्तांच्या वह्या, भारतातून आलेली पत्रे किंवा मुलांनी काढलेली बाबासाहेबांची आणि बुद्धांची चित्रे असतील, त्यांनी ती पुढील मासिक सभेस बरोबर आणावीत. मूळ प्रत आपल्याकडेच राहील. नक्कल करून ती लगेच परत केली जाईल. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने वर्ष, ठिकाण आणि त्यातील माणसांची नावे लिहून आणल्यास काम सोपे होईल. नावे आठवत नसतील तर घरातील आजी-आजोबांना आजच विचारून ठेवावे.